भिंतीवरचा मजकूर आणि फुटलेली काच: खोडसाळपणा समजावा की द्वेषमूलक गुन्हा?

प्रश्न: वाटसरू

नमस्कार. आमच्या वस्तीत गेल्या आठवड्यात घडलेल्या एका घटनेबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. दीड वर्षापूर्वी येथे राहायला आलेल्या एका कुटुंबाच्या दर्शनी भिंतीवर रात्रीतून कोणीतरी रंगाने अपमानास्पद मजकूर लिहिला आणि खिडकीची काच फोडली. हे कुटुंब वस्तीतील बहुसंख्य लोकांपेक्षा वेगळ्या धर्माचे आहे. भिंतीवरच्या मजकुरात त्या घरातील कोणा व्यक्तीचे नाव नव्हते. त्यांच्या संपूर्ण समाजाला उद्देशून शिवीगाळ होती आणि येथून चालते व्हा असे बजावले होते. कोणालाही शारीरिक इजा झाली नाही.

सकाळी काही शेजाऱ्यांनी चांगल्या हेतूने भिंत धुऊन काढली. पोलीस आले, त्यांनी खिडकीच्या नुकसानीची नोंद घेतली आणि ते गेले. तेव्हापासून वस्तीत दोन तट पडले आहेत. काहींच्या मते हा उनाड मुलांचा खोडसाळपणा आहे. काचेचा खर्च वर्गणीतून भरून द्यावा आणि विषय तेथेच संपवावा, कारण ‘द्वेषमूलक गुन्हा’ असे शब्द वापरले की वस्तीची बदनामी होईल आणि आज नसलेले वैर उद्या उभे राहील. इतर काहींना जाहीर निषेध सभा घ्यायची आहे आणि त्या सभेत त्या कुटुंबाने बोलावे असा त्यांचा आग्रह आहे. मी रहिवाशांच्या समितीवर आहे, आणि यापैकी कोणाचे ऐकावे हे मला ठरवता येत नाही. त्या घरातील माणसे कोणाशी फारसे बोलत नाहीत. विचारले तर ‘ठीक आहे, काही नाही’ एवढेच म्हणतात.

अशा घटनेला द्वेषमूलक गुन्हा म्हणायचे की नाही हे कशावरून ठरते? काच ती काच. मग हेतू वेगळा म्हणून कायद्याने तिच्याकडे वेगळ्या नजरेने का पाहावे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शेजारी या नात्याने आम्ही नेमके काय करावे?

उत्तर १: साक्षेपी

मी फौजदारी वकिली करते, त्यामुळे आपल्या पहिल्या दोन प्रश्नांपासून सुरुवात करते.

‘द्वेष’ हा शब्द येथे थोडी दिशाभूल करतो. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या ५७ सदस्य देशांमध्ये जी व्याख्या वापरली जाते, तिला दोनच गोष्टी लागतात. घडलेले कृत्य मुळातच कायद्याने गुन्हा असले पाहिजे, जसे की मारहाण, धमकी किंवा मालमत्तेची नासधूस. आणि त्यामागे पूर्वग्रह असला पाहिजे, म्हणजे वंश, धर्म, भाषा, अपंगत्व, लैंगिक कल अशा एखाद्या सामायिक ओळखीमुळे त्या माणसाला किंवा त्या घराला लक्ष्य केलेले असले पाहिजे. काही देशांच्या कायद्यांत आरोपीचा वैरभाव दाखवून द्यावा लागतो, तर काही ठिकाणी त्या ओळखीमुळे बळी निवडला एवढे सिद्ध झाले तरी पुरते. म्हणूनच ‘त्या मुलांच्या मनात खरा द्वेष नव्हता, गंमत म्हणून केले’ हा बचाव वाटतो तितका भक्कम नसतो, कारण गंमत करण्यासाठी नेमके तेच घर का निवडले हा प्रश्न उरतोच.

मनातला हेतू कोणालाच दिसत नाही, त्यामुळे तपासात खुणा पाहिल्या जातात. त्या वेळी उच्चारलेले किंवा लिहिलेले शब्द, वापरलेली चिन्हे, सणाचा किंवा एखाद्या मोठ्या घटनेनंतरचा दिवस, त्याच समाजातील इतरांना आधी आलेले अनुभव, चोरी किंवा जुने भांडण असे दुसरे कोणतेही कारण न सापडणे, आणि पीडिताला स्वतःला काय वाटले, या त्या खुणा होत. एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नये हे खरे, परंतु आपण सांगितलेल्या घटनेत मजकूर स्वतःच हेतू सांगतो आहे. आरोपीची समजूत चुकीची असली तरीही गुन्ह्याचे स्वरूप बदलत नाही. १५ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी, अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात एका शीख पेट्रोलपंप मालकाची गोळ्या घालून हत्या झाली. मारेकऱ्याने पगडी आणि दाढी पाहून त्यांना मुसलमान समजले होते. समज चुकीची होती, पण हत्या पूर्वग्रहातूनच झाली होती.

शिक्षेविषयीचा आपला प्रश्न रास्त आहे आणि तो सर्वोच्च पातळीवर लढला गेला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका मुलाला केवळ त्याचा वंश पाहून बेदम मारहाण झाली आणि म्हणून आरोपीची शिक्षा वाढवण्यात आली, तेव्हा ‘मला माझ्या विचारांबद्दल शिक्षा होत आहे’ असा त्याचा युक्तिवाद होता. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. विचार बाळगणे मोकळे आहे. त्या विचारापायी बळी निवडून कृत्य केले, तर त्या निवडीचा शिक्षेसाठी विचार होऊ शकतो, कारण अशा कृत्याने होणारी हानी एका माणसापुरती राहत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. त्या खटल्यातील पीडित मुलगा गोरा होता आणि हल्लेखोर कृष्णवर्णीय होते, हेही मुद्दाम सांगते, कारण असे कायदे विशिष्ट समाजाचे लाड करतात हा गैरसमज फार पसरलेला आहे. वंश किंवा धर्म या निकषाला संरक्षण असते, आणि तो निकष प्रत्येकालाच लागू असतो.

आता तातडीचे काम सांगते. भिंत धुतली गेली हे तपासाच्या दृष्टीने वाईट झाले, पण सर्व काही संपलेले नाही. धुण्यापूर्वी कोणी छायाचित्र काढले होते का, याची आजच विचारणा करा. आसपासच्या सीसीटीव्हीचे चित्रण बऱ्याच ठिकाणी काही दिवसांतच पुसले जाऊन त्यावर नवे चित्रण होते, तेव्हा ते राखून ठेवण्याची लेखी विनंती उशीर न करता द्या. ज्यांनी मजकूर वाचला त्यांनी तो शब्दशः लिहून, तारीख घालून सही करावी. ‘काहीतरी अपशब्द होते’ असे मोघम लिहू नये, कारण सारा पुरावा त्या शब्दांतच आहे. आणि त्या कुटुंबाची तयारी असेल, तर पुरवणी जबाब देऊन पूर्वग्रहाचा उल्लेख नोंदीत आणावा.

हा आग्रह धरण्यामागे इतिहास आहे. २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनमध्ये बसच्या थांब्यावर उभ्या असलेल्या स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. पोलिसांनी सुरुवातीला वांशिक हेतूकडे गांभीर्याने पाहिले नाही, आणि दोन आरोपी दोषी ठरायला २०१२ साल उजाडले. त्या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅक्फर्सन समितीने १९९९ मध्ये असे सांगितले की पीडिताला किंवा अन्य कोणालाही एखादी घटना वंशद्वेषी वाटली, तर पोलिसांनी तिची तशी नोंद केली पाहिजे. नोंद म्हणजे दोषसिद्धी नव्हे. तपास कोणत्या दिशेने करायचा हे त्या नोंदीमुळे ठरते.

उत्तर २: पाऊलखुणा

मी कायद्याची जाणकार नाही. अशा एका घरात मी वाढले आहे, म्हणून लिहिते.

मी तेरा वर्षांची असताना आमच्या दारावर असाच मजकूर लिहिला गेला होता. वडिलांनी पहाटे उठून तो खरवडून काढला आणि आम्ही भावंडे उठायच्या आत दारावरची नावाची पाटीही काढून ठेवली. ती पाटी त्यांनी पुन्हा कधीच लावली नाही. त्यानंतर आईने आम्हाला घराबाहेर आमच्या भाषेत मोठ्याने बोलायला मनाई केली. मी शाळेचा रस्ता बदलला, कारण कोणत्या घरातल्या कोणी ते लिहिले हे ठाऊक नसल्यामुळे त्या रस्त्यावरचे प्रत्येक घर मला त्याच माणसाचे वाटू लागले. काच फुटली तर दुसऱ्या दिवशी नवी बसवता येते. ही शंका मात्र माझ्या मनातून जायला अनेक वर्षे लागली.

त्या आठवड्यात आमच्याशी कोणीच बोलले नाही. आज मला कळते की शेजारी संकोचले होते. काय बोलावे हे त्यांना सुचत नसावे, आणि कदाचित आमच्यापेक्षा त्यांनाच अधिक शरम वाटत असावी. परंतु आतून पाहणाऱ्याला संकोचाचे मौन आणि संमतीचे मौन यांत फरक करता येत नाही. ज्याने लिहिले त्याने तुम्हाला जा असे सांगितले होते. बाकीच्या कोणीही तुम्ही राहा असे सांगितले नाही, तर हिशेब काय निघतो ते तुम्हीच पाहा.

पाचव्या दिवशी समोरच्या घरातील एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी आमच्या समाजाविषयी काही विचारले नाही, ‘सगळेच लोक तसे नसतात’ असेही म्हटले नाही. ते बसले आणि वडिलांना म्हणाले, ‘रात्री झोप लागते का?’ वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग नाही म्हणाले. त्यानंतर पंधरा दिवस त्या गृहस्थांनी आपल्या अंगणातला दिवा रात्रभर चालू ठेवला, कारण त्याचा उजेड आमच्या दारावर पडत असे.

म्हणून सभेविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. निषेध जरूर करा, पण त्या कुटुंबाला व्यासपीठावर बसवण्याचा हट्ट धरू नका. ज्यांना वेगळे म्हणून हेरले गेले, त्यांनाच पुन्हा सर्वांसमोर वेगळे म्हणून उभे करणे त्यांना पेलवणार नाही. निषेधाचे ठराव वस्तीने वस्तीच्या नावाने करावेत. ‘ठीक आहे’ हे उत्तर एकदा मिळाले म्हणून ते अंतिम समजू नका. दोन दिवसांनी पुन्हा जा, आणि ‘काही मदत लागली तर सांगा’ असे न म्हणता नेमकी मदत पुढे करा: पोलिसांकडे सोबत येऊ का, मुलांना पोहोचवायला येऊ का, काच बसवणाऱ्याला मी बोलावू का. त्यांनी नकार दिला तर तो मान्य करा, पण येणे सोडू नका.

आणखी एक गोष्ट सहसा सुटून जाते. त्याच समाजाची दुसरी कुटुंबे आसपास राहत असतील, तर त्यांची भिंत कोरी असली तरी मजकूर त्यांनीही वाचलेला आहे. त्यांच्याकडेही जा.

उत्तर ३: वडपिंपळ

साक्षेपी आणि पाऊलखुणा यांनी लिहिलेल्याशी मी सहमत आहे. तरुण मुलांसोबत बरीच वर्षे काम केल्यामुळे ‘उनाड मुले’ या शब्दाबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

असे गुन्हे करणारा माणूस म्हणजे कोणत्यातरी कडव्या संघटनेचा सदस्य, असे आपण धरून चालतो. जॅक मॅक्डेविट आणि जॅक लेव्हिन या अभ्यासकांनी बोस्टन पोलिसांच्या १९९१–९२ मधील १६९ प्रकरणांचे वर्गीकरण केले, तेव्हा सुमारे ६६ टक्के गुन्हे थरारासाठी केलेले निघाले. टोळक्यातली तरुण मुले, करायला काही नाही, एकमेकांवर छाप पाडायची, आणि त्यासाठी ज्यांच्या बाजूने कोणी उभे राहणार नाही असे वाटते ते घर निवडायचे, असा तो प्रकार. सुमारे २५ टक्के गुन्हे ‘हे आमच्या भागात घुसले’ या भावनेतून झालेले होते, ८ टक्के सूडाचे होते, आणि एखाद्या समाजाला नष्ट करणे हेच जीवितकार्य मानणाऱ्याचे प्रकरण अवघे एक होते. हे आकडे एका शहराचे आणि एका काळाचे आहेत, ते सर्वत्र तसेच लागू होतील असे मी म्हणणार नाही. मात्र आपल्या वादासाठी त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट कळते: उनाड मुलांनी केले म्हणजे तो द्वेषमूलक गुन्हा नाही, असे होत नाही. शिवाय ‘येथून चालते व्हा’ हा मजकूर मला निव्वळ थरारापेक्षा दुसऱ्या प्रकाराकडे झुकणारा वाटतो, आणि त्या प्रकारात लक्ष्य केलेले कुटुंब निघून जाईपर्यंत त्रास वाढत जाण्याचा धोका असतो.

या मुलांना मी जेवढे ओळखतो त्यावरून सांगतो की कृत्यानंतर ती मोठ्या माणसांकडे पाहत असतात. घरात, नाक्यावर, नातेवाइकांच्या गप्पांत त्या समाजाविषयी जे बोलले जाते ते त्यांनी ऐकलेले असते. मोठी माणसे जे बोलतात ते आपण करून दाखवले, असे त्यांना वाटते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहाच्या पाच पायऱ्या मांडल्या: आपसात वाईट बोलणे, टाळणे, भेदभाव करणे, शारीरिक हल्ला आणि समूळ संहार. प्रत्येक जण शेवटच्या पायरीपर्यंत जातो असे त्यांचे म्हणणे नव्हते, पण खालची पायरी पक्की असेल तर वरच्या पायरीवर चढणे सोपे होते. समितीने काही करायचे असेल तर पहिल्या दोन पायऱ्यांवर करावे, कारण तिथपर्यंत आपल्या सर्वांचाच हात पोहोचतो.

वस्तीने काय करता येते याचे मला नेहमी आठवणारे उदाहरण अमेरिकेतील मॉन्टाना राज्यातल्या बिलिंग्ज या गावाचे आहे. १९९३ मध्ये तेथे वंशद्वेषी टोळक्यांनी उच्छाद मांडला होता. एका कृष्णवर्णीय चर्चच्या प्रार्थनेच्या वेळी काही जण मागे येऊन दहशत बसेल असे उभे राहू लागले, तेव्हा इतर चर्चमधील माणसे येऊन त्या प्रार्थनेला बसू लागली. एका मूलनिवासी स्त्रीच्या घरावर गलिच्छ मजकूर लिहिला गेला, तेव्हा रंगारी कामगारांच्या संघटनेच्या सुमारे तीस सदस्यांनी येऊन ते घर रंगवून दिले. त्या डिसेंबरमध्ये एका ज्यू कुटुंबातील लहान मुलाच्या खोलीच्या खिडकीतून वीट फेकली गेली, कारण त्या खिडकीत त्यांच्या सणाचे दीपपात्र दिसत होते. पोलिसांनी त्या कुटुंबाला सणाच्या खुणा काढून ठेवण्याचा सल्ला दिला होता. आईने ते ऐकले नाही. स्थानिक वर्तमानपत्राने त्या दीपपात्राचे पानभर चित्र छापले आणि हजारो ख्रिस्ती घरांच्या खिडक्यांत ते लागले. टोळक्याने त्यांपैकीही काही घरांच्या आणि चर्चच्या काचा फोडल्या. त्यामुळे चित्रे उतरण्याऐवजी वाढली, आणि पुढे हा उच्छाद ओसरला.

या हकिकतीत पोलीसप्रमुख वेन इनमन यांचा वाटा फारसा सांगितला जात नाही. ते आधी पोर्टलँड शहरात पोलीस अधिकारी होते आणि १९८८ मध्ये तेथे वंशद्वेष्ट्या टोळक्याने इथिओपियाहून आलेल्या एका विद्यार्थ्याचा खून केला, तो काळ त्यांनी पाहिला होता. पत्रके आणि भिंतीवरचे मजकूर दुर्लक्षित राहिले की पुढे काय घडू शकते हे ठाऊक असल्यामुळेच त्यांनी बिलिंग्जच्या लोकांना वेळेत जागे केले. ‘विषय वाढवू नका’ म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना एवढे जरूर सांगा.

एक सावधगिरी मात्र हवी. पुराव्याशिवाय कोणत्याही मुलाचे नाव तोंडी किंवा मोबाइलवरच्या गटात फिरू देऊ नका. चुकीच्या मुलावर आळ आला तर त्याचे आयुष्य पोळेल, आणि सूडाचे चक्र सुरू व्हायला तेवढे निमित्त पुरते.

वाटसरू (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. चार दिवसांत जे झाले ते कळवतो.

मी आणि माझी पत्नी त्या घरी दोनदा गेलो. पहिल्या वेळी ‘ठीक आहे’ हेच उत्तर मिळाले. दुसऱ्या वेळी पाऊलखुणा यांचे शब्द आठवून मी तुमच्या मुलीला आमच्या मुलीसोबत शाळेत पाठवाल का असे विचारले, आणि त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आले. घटनेनंतर त्यांची मुलगी शाळेत गेलीच नव्हती, आणि आम्हा शेजाऱ्यांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले. आता दोघी बरोबर जातात. भिंतीचे छायाचित्र दोन जणांकडे निघाले. कुटुंबप्रमुखांनी पुरवणी जबाब दिला. मी सोबत गेलो होतो. सभा त्यांना नको आहे, म्हणून समितीने सर्व रहिवाशांच्या सह्यांचे निषेधपत्र काढायचे ठरवले. सह्या सर्वांच्या झालेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

एक नवी अडचण उभी राहिली आहे. पोलिसांनी ज्या दोन मुलांकडे चौकशी केली त्यांपैकी एकाचे वडील माझ्याकडे आले होते. मुलगा सतरा वर्षांचा आहे, चूक कबूल करतो, माफी मागायला तयार आहे, तेव्हा समितीने मध्यस्थी करून तक्रार मागे घ्यायला लावावी, असे ते म्हणतात. मला त्या मुलाचीही काळजी वाटते. हे करावे का?

उत्तर ४: साक्षेपी

त्या मुलाची काळजी वाटणे योग्यच आहे, आणि तरीही ही मध्यस्थी समितीने करू नये. ज्या वस्तीत त्या कुटुंबाला पुढेही राहायचे आहे, त्या वस्तीच्या समितीने तक्रार मागे घ्या असे सुचवले, तर ते कितीही सौम्य शब्दांत असले तरी त्यांना नाही म्हणणे अशक्य होईल. तक्रारीचे काय करायचे हा निर्णय त्यांचा आणि कायद्याचा आहे.

माफीचा मार्ग मात्र बंद नाही. अनेक देशांत अल्पवयीन आरोपींच्या बाबतीत पीडित आणि आरोपी यांची प्रशिक्षित मध्यस्थासमोर भेट घडवली जाते. ती दोघांच्या संमतीने होते, तिच्या आधी दोन्ही बाजूंशी स्वतंत्रपणे अनेकदा बोलले जाते, आणि पीडिताला कोणत्याही क्षणी थांबता येते. ही भेट न्यायप्रक्रियेच्या चौकटीत होते, त्यामुळे तिच्यासाठी तक्रार मागे घेण्याची अट नसावी. त्या वडिलांना सांगा की मुलाला खरोखर पश्चात्ताप झाला असेल, तर त्याने आपल्या वकिलामार्फत तशी तयारी कळवावी आणि उत्तराची वाट पाहावी. तोपर्यंत त्याने किंवा घरातल्या कोणीही त्या कुटुंबाच्या दारात जाऊ नये, फुले किंवा पत्र घेऊनही नाही, कारण त्या दारावर झालेली थाप कोणत्या हेतूची आहे हे आतल्या माणसांना उघडण्यापूर्वी कळत नाही.

आणि सह्या न करणाऱ्यांच्या घरीही आपण एकदा जाऊन या. त्यांतील काहींना मजकुराशी सहमती असेल, पण काहींना केवळ भीती वाटत असेल, आणि भीती वाटणाऱ्यांशी बोलता येते.